डॉजला डीच असणार

वेलचेरी, चेन्नई
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. गिरीधर यास आशीर्वाद.

पत्र लिहायला चार वर्षं उशीर झाला, त्याची माफी आधी मागतो. कारणं सांगत बसलो तर पान संपेल आणि तू पुढचं वाचणार नाहीस. फोन मी करत होतो. माझ्या फोनवरून तुझा नंबर लागत नाही. एकदा वॉचमनच्या फोनवरून लागला. तू ‘हॅलो’ म्हणालास आणि मी ठेवून दिला. तो मीच होतो.

पत्ता तुळजाने आपल्या नातीचे, कीर्तनाचे फोटो पाठवले त्या पाकिटावरून उतरवून घेतला आहे. कोल्हापूरच्या पिन कोडात शेवटी तीन आहे की आठ ते शिक्क्याखाली दिसत नाही. मी तीन घातला. रात्रीपासून आठ वाटतो आहे. म्हणून रजिस्टर करतो.

तुला मराठी वाचायला जड जातं हे ठाऊक आहे. तरी तमिळमध्ये लिहिलं नाही, त्याला कारण आहे. तुळजा वाचून दाखवील. तुळजा, सूनबाई, ही मराठी तंजावरची आणि पाचवीपर्यंत शिकलेल्या माणसाची आहे. चुकेल तिथे दुरुस्त करून वाच.

बातमी अशी की कृष्णस्वामी सार, ते जुन्या मोटारींचे शौकीन, गेले. मे महिन्यात. मला कुणी कळवलं नाही. जूनमध्ये पुदुपेटला, मोटारींच्या जुन्या सामानाच्या बाजारात, टायरवाल्याकडे कळलं. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, “सुटले. त्यांना फसवणारा मात्र माझ्याच पोटचा.” मी ताट ओढून जेवायला बसलो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, जननीचा फोन आला. “दत्ताजी अंकल, अप्पांच्या दोन्ही अमेरिकन गाड्या शेडमध्ये तशाच आहेत. मला एकच ठेवता येईल. प्लिमथ ठेवू की डॉज? इंटरनेटवर बघितलं, दहा माणसं दहा तऱ्हेचं सांगतात. अप्पा नेहमी म्हणायचे, मोटारीचं मेस्त्रीला विचारायचं.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. पन्नास वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं.

तुला सांगायला नको, पण तुळजाला कळावं म्हणून लिहितो. प्लिमथ सॅवॉय आणि डॉज किंग्सवे, दोन्ही चोपन्न सालच्या. एकाच आईच्या दोन मुली. पत्रा एकाच डाईतून निघालेला. परदेशी पाठवताना एकीच्या नाकावर शिडाचं जहाज बसवलं आणि तिला प्लिमथ म्हटलं, दुसरीच्या नाकावर मेंढा बसवला आणि तिला डॉज म्हटलं. पेट्यांतून मुंबईला आल्या, तिथे जोडल्या. एकीचं दार दुसरीला बसतं, काच बसते. ग्रिल वेगळी, बिल्ले वेगळे, एवढंच. मालक मात्र भांडायचे. प्लिमथवाले डॉजवाल्यांना ‘लॉरीवाले’ म्हणून चिडवायचे, कारण डॉजच्या लॉऱ्याही होत्या.

शौकिनाने कुठली ठेवावी? मी पाहिलेल्या डॉज बहुतेक टॅक्सीत झिजल्या, त्यांच्या पोटात डिझेल इंजिनं घातली गेली. त्यामुळे पेट्रोलवर चालणारी डॉज आता दिसत नाही. दिसायलाही ती जास्त रुबाबदार, मेंढ्यामुळे. प्लिमथ साधी. पण जननीच्या प्लिमथचं इंजिन तिचं स्वतःचं आहे. जन्मापासून तेच. जाणकार तेच बघतात.

डॉजच्या इंजिनाबद्दल मी तिला काही बोललो नाही.

तुला काय वाटतं ते कळव. तू सांगशील तेच मी तिला सांगेन. कुठली ठेवावी एवढंच लिहिलंस तरी चालेल. माझ्याबद्दल काही लिहू नकोस.

अप्पा

वेलचेरी
सोमवार, ८ सप्टेंबर

चि. गिरीधर,

पोहोचपावती परत आली. तिच्यावर तुळजाची सही आहे. म्हणजे तीनच बरोबर होता. तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही, तसं समजू नकोस.

काल श्रीपेरुंबुदूर रस्त्यावरच्या त्या शेडवर जाऊन आलो. बसमध्ये उभं राहावं लागलं. समोरून कंपन्यांच्या बसेस जात होत्या, त्यातली पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. तूही एकेकाळी त्याच बसने जायचास. मग नोकरी सोडून जुन्या मोटारी दुरुस्त करायला लागलास. आई रडली, आणि मी मात्र पुदुपेटभर सांगत फिरलो, माझा मुलगा माझ्या धंद्यात आला.

जननीने दोन्ही मोटारी शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या. आधी मी प्लिमथचं बॉनेट उघडलं. डायनॅमोच्या वरच्या बाजूला ब्लॉकवर सपाट जागा असते, तिथे इंजिनाचा नंबर ठोकलेला. नंबराच्या आधी अक्षर. प्लिमथला पी. कपड्याने पुसलं, पी दिसला. मग डॉज उघडली. तिथे पुसावं लागलं नाही. सारांचे मित्र उमाकांतराव, त्यांनी चार वर्षांपूर्वी रॉकेल लावून घासलेली जागा अजून तशीच चकचकीत आहे. टी. डॉज मोटारीला डी असतो. टी म्हणजे लॉरीचं इंजिन. कुणीतरी कधीतरी लॉरीचं काढून तिच्यात बसवलेलं.

जननी म्हणाली, “ह्याच्यावरूनच झालं ना अंकल सगळं?”

मी हो म्हटलं. ती पुढे म्हणाली, “गिरी अण्णांनी असं का केलं असेल? अप्पांचा केवढा जीव होता त्यांच्यावर.”

मी चष्मा पुसला. तहान लागली म्हणालो. गिरी, ती पाणी आणायला गेली आणि मी तिथून निघून आलो. डोक्याला टोपी होती ती डॉजच्या बंपरवर राहिली.

आता तमिळमध्ये का लिहीत नाही ते सांगतो.

ती मोटार गुम्मिडिपूंडीला एका बंद कारखान्यात उभी होती. सारांना ती तुझ्यामार्फत घ्यायची होती, आणि तुला वेळ नव्हता, म्हणून तू मला नंबर उतरवून आणायला पाठवलंस. मी आरशाचा तुकडा आणि टॉर्च घेऊन गेलो. वंगण चिकटलेलं. एकेक आकडा तीन तीनदा पाहिला, कारण आकड्यात मी चुकतो हे मला माहीत आहे. अक्षराकडे लक्ष दिलं नाही. दिसलं तसं तमिळमध्ये लिहिलं. वर्कशॉपात मी तमिळच लिहायचो. तरुणपणी एकदा वहीत मराठी लिहिली होती, तेव्हा सगळे म्हणाले, “दत्ता, हे हिंदी कुठून आणलंस? दिल्लीला नेता व्हायचंय का?” तेव्हापासून सोडून दिलं.

आणि तमिळमध्ये टीला जे अक्षर तेच डीला. टीव्ही लिहा नाहीतर डीएसपी लिहा, सुरुवात एकच. बोलताना वेगळं, कागदावर एक. माझ्या आईने मला घरी बाळबोध लिपी शिकवली होती. तिच्या अक्षरांत ट निराळा आहे, ड निराळा आहे. त्यात लिहिलं असतं तर आज तू इथे असतास.

हे सगळं तुला ठाऊक आहे. मी तुलाच का सांगतो आहे कळत नाही. तुळजाला सांगत असेन.

अप्पा

वेलचेरी
रविवार, २८ सप्टेंबर

गिरीधर,

मागच्या पत्रात मी अक्षरावर सगळं ढकललं. पोस्टात टाकून घरी येईपर्यंत ते कळलं. अर्धंच लिहिलं होतं.

संध्याकाळी चिठ्ठी हातात दिली तेव्हा तू विचारलं होतंस. तू घाईत होतास, हेल्मेट घातलेलं, तरी थांबून विचारलंस, “अप्पा, हा डी ना? की टी?” मला आठवत नव्हतं. खरं सांगतो, आठवत नव्हतं. पण मी म्हणालो, “डॉज आहे, डीच असणार. मला शिकवतोस?” तू हसलास. “माझं चुकलं मेस्त्री,” म्हणालास, आणि गेलास. सारांच्या कागदावर तू डी लिहिलंस ते माझ्या त्या वाक्यावरून.

मग जुन्या मोटारींच्या त्या प्रदर्शनात उमाकांतरावांनी रॉकेल लावलं. सार ओरडले, “कागदावर डी, लोखंडावर टी! लॉरीचं इंजिन अस्सल म्हणून विकलंस मला!” तू खिशातून चिठ्ठी काढलीस. “सार, नंबर अप्पांनी पाहिला. अप्पा, सांगा ना.” वीस-पंचवीस माणसं होती. सार पोलिसांचं बोलले. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात काय आलं ते लिहितो. पन्नास वर्षं ज्याला मेस्त्री म्हणतात त्याला मोटारीचं अक्षर कळलं नाही, असं आता पुदुपेटभर होणार. एवढंच आलं. तू मनात आला नाहीस.

मी म्हणालो, “मी गुम्मिडिपूंडीला गेलोच नव्हतो. हे अक्षर माझं नाही.”

चिठ्ठी माझ्या खिशात ठेवलीस आणि चालत गेलास. ती मी घरी येऊन स्टोव्हवर जाळली. आईने विचारलं काय जळतंय, मी म्हटलं दूध उतू गेलं.

आणि दोन दिवसांनी तिने जेव्हा तुला दारात उभं करून म्हटलं, “बापाचं अक्षर खोटं काढणारा माझ्या घरात नको,” तेव्हा मी आत पलंगावर बसून होतो. कीर्तना पाच वर्षांची होती, तिला चप्पल सापडत नव्हती. मी उठून शोधून दिली. त्या दिवशी मी केलेलं काम ते एवढंच.

परवा मी आईला सांगितलं. ती दह्यात उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी कालवत होती. मी उभ्या उभ्या सगळं बोललो. तिने हात थांबवला नाही.

“कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला हे?”

“पहिल्यापासून.”

“मी त्याला बाहेर काढलं तेव्हा?”

“तेव्हाही.”

तिने मीठ घातलं, चव बघितली. मग म्हणाली, “त्रेचाळीस वर्षं तुमच्या सामानाच्या याद्या वाचतेय मी. तमिळमध्ये प-ब एकच, पप्पड लिहिलंय की बब्बड, कळत नाही. मग मी विचारते. त्यानं विचारलं होतं का?”

“विचारलं होतं.”

“मग?”

मी ते वाक्य सांगितलं. डॉजला डीच असणार. तिने पच्चडीचं भांडं झाकलं, हात धुतले आणि माडाच्या चटया ठेवतो त्या माळ्यावरून बॅग काढली. काल सकाळच्या गाडीने तंजावरला सकवारबाईकडे गेली. स्टेशनवर पोहोचवायला निघालो तर म्हणाली, “तुम्ही यायचं नाही.” तुळजा, सकवारबाई म्हणजे तिची धाकटी बहीण, तू लग्नात पाहिली आहेस. तिला फोन केला. ती म्हणाली, “भावजी, अक्का जेवते. बोलत नाही. तुम्ही फोन करू नका, फोन वाजला की दचकते.”

त्याआधी मी जननीकडेही गेलो होतो. तिलाही सगळं सांगितलं. ती शांत मुलगी आहे. ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अंकल, चार वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात गेलो नव्हतो. आता म्हणता गेलो होतो. मी कुठलं खरं मानू?”

“आताचं मान, मुली.”

“चिठ्ठी आहे?”

“जाळली.”

तिने माझ्या हातावर हात ठेवला. “अंकल, शेवटच्या दिवसांत मी अप्पांना रोज सांगायचे, तुम्ही बरे होताय. आपल्या माणसासाठी माणूस खोटंही बोलतो. मला कळतं.”

मला ओरडावंसं वाटलं. मी कॉफी प्यायलो.

बारा ऑक्टोबरला सारांची मित्रमंडळी शेडवर जमणार आहेत, दोन्ही मोटारी बघायला. जननी म्हणाली, तुमच्या मनाला बरं वाटणार असेल तर तिथे सांगा. मी जाणार आहे. ज्या माणसांसमोर बोललो त्याच माणसांसमोर उलट बोलणार. सार तेवढे नसतील. मी मेलो तरी चालेल असं वाटतं, पण बारा तारखेपर्यंत नको.

तू फोन करून जननीला एक वाक्य सांगितलंस, की तूच मला गुम्मिडिपूंडीला पाठवलं होतंस, तर फार उपकार होतील. नाही केलास तरी मी समजेन.

अप्पा

वेलचेरी
मंगळवार, १४ ऑक्टोबर

गिरीधर,

तू फोन केला नाहीस. जननीला मी तीनदा विचारलं.

ऑक्टोबर आला, इथे लोक पुराच्या भीतीने आतापासून आभाळ बघून मोटारी फ्लायओव्हरवर नेऊन लावतात. खाली तळमजल्यावरच्यांनी फ्रिज विटांवर चढवला. मी वरच्या मजल्यावर एकटाच असल्यामुळे काही उचललेलं नाही.

परवा शेडवर गेलो. इडली-कॉफी झाली. उमाकांतराव होते, तेच, रॉकेलवाले. निवृत्त प्रोफेसर आहेत, आपल्या तंजावरकडचेच. मला बघून मराठीत म्हणाले, “यावं दत्ताजीराव, बसावं.” मी बसलो नाही. डॉजचं बॉनेट उघडलं आणि तिथेच उभा राहून बोललो. तमिळमध्ये बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून.

कागद-पेन्सिल घेऊन गेलो होतो. टी लिहून दाखवला. शेजारी डी लिहून दाखवला. सगळे वाकून बघत होते. एकजण म्हणाला, “मेस्त्री, मग घरी डीव्ही बघता काय?” हशा झाला. मीही हसलो, कारण मला वाटलं आता कळलं ह्यांना. मग मी पुढचं सांगितलं. मुलाने विचारलं होतं. मी डी म्हणालो. मी इथेच उभा राहून खोटं बोललो. चिठ्ठी मी जाळली. माझ्या मुलाने काही केलेलं नाही. त्याचं नाव तुम्ही खराब केलं नाही, मी केलं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं, झालं.

उमाकांतराव उठले. माझ्याजवळ आले आणि मला मिठी मारली. गिरी, ते रडत होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बापाचं काळीज बघा! पोरानं केलं ते केलं. ह्या वयात हे सगळं आपल्या अंगावर घेतात.”

मी म्हटलं, “अंगावर घेत नाही हो. माझंच आहे.”

“तेच, तेच,” ते म्हणाले.

“मी खोटं बोललो होतो!”

“बाप असाच बोलतो,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या सुरू झाल्या. मी जितकं नाही म्हणालो तितक्या त्या वाढल्या. सारांच्या आठवणीसाठी जननीला घालायला म्हणून एक पोन्नाडै आणली होती, जरीची शाल, इथे मानाला घालतात ती. जननीनेच ती पुढे केली. उमाकांतरावांनी माझ्या खांद्यांवर घातली आणि सगळ्यांनी फोटो काढले. मी काढून टाकायला गेलो तर म्हणाले, “राहू द्या, राहू द्या, तुमचाच मान आहे.” मग एकेकजण येऊन हात जोडून गेला. एकाने पायाला हात लावला. त्याचा मुलगा अमेरिकेत आहे आणि बोलत नाही म्हणे.

मोटारींचंही ठरलं. मी जननीला स्पष्ट सांगितलं होतं, प्लिमथ ठेव. पी म्हणते आणि पी आहे. आत-बाहेर एक. डॉज दिसते एक आणि आत दुसरीच. ती म्हणाली, “नाही अंकल, डॉजच ठेवते. प्लिमथसारख्या मिळतील. डॉजला आता तुमची गोष्ट आहे. बघायला येणाऱ्याला मी सांगेन.” प्लिमथ कोइमतूरचे एकजण नेणार आहेत.

म्हणजे जोवर ती मोटार आहे तोवर लोकांना सांगणार. मुलगा लबाड होता आणि बाप देवमाणूस. मी बोलायला गेलो नसतो तर लोक निदान विसरले असते. हे मी काय करून ठेवलं ते मला शेडमधून बाहेर आल्यावर कळलं. बसस्टॉपवर एक बाई म्हणाली, “बसा ताता, ह्या वयात उभं राहू नका.” शाल बघून तिने जागा दिली.

आता कुणाकडे जाऊन सांगू? उमाकांतरावांना काल परत फोन केला. म्हणाले, “दत्ताजीराव, पुरे आता. मुलाला माफ करा तुम्ही.” मी तुला माफ करायचं! आई बोलत नाही. सार राहिले नाहीत. मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी पटकन मानलं. खरं बोललो तर कुणी मानत नाही.

त्या दिवशी काय झालं हे जाणणारा तू एकटा उरला आहेस. मला माफी नको. घरी ये असंही म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. फक्त लिही. कागदावर तुझ्या हाताने लिही की अप्पा खोटं बोलले, गेले होते आणि गेलो नाही म्हणाले. शिव्या लिही. कीर्तनाला सांगून लिहव, पण तुझी सही कर. तमिळ, मराठी, इंग्रजी, कशातही. मला कुणाला दाखवायचं नाही. इथे सगळे मला चांगला बाप म्हणायला लागले आहेत, आणि काल आंघोळ करताना क्षणभर मलाही तसंच झालं असेल असं वाटून गेलं. त्याचीच भीती वाटते.

पोस्टमन अकराच्या सुमारास येतो. मी खाली गेटजवळ बसून असतो. दिवाळीच्या आधी पोहोचेल असं बघ.

अप्पा